पेजेचं पान

रुपाली पालशेतकरला कोणी आहारतज्ज्ञ म्हटलं की ती चिडते. "तज्ज्ञ बिज्ज्ञ काय नाय, मी केसपेपर काढते," असं फाडकन सांगते आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारते. तसं खरंच आहे ते. शिक्षण बारावी, वर दीड वर्षाचा कॉम्प्युटरचा कोर्स. नवरा हितेश मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे समुद्रात बोट त्याच्या हुकमात आणि जमिनीवर तो स्वतः आईच्या हुकमात. ही डॉक्टर हेमा यांच्या मधुमेहाच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. पण पालीच्या बाजारापासून थेट हेदवीपर्यंत किती घरांत सकाळी ओट्यावर मोबाईल टेकवून हिने लिहिलेलं पान उघडतात, ते विचारा! त्यातल्या बहुतेक बायकांनी हिचं तोंड पाहिलेलं नाही. आवाज मात्र पक्का ओळखतात.

माहेर अंजनवेलचं. वडील गुणाजी होडीवाले. होडीच्या परवान्याचा एक कागद त्यांना समजेना, म्हणून तालुक्याला तीन खेपा झाल्या, आणि तिसऱ्या खेपेला तिथला साहेब चारचौघांत त्यांना हसला. सातवीतल्या रुपालीने तो कागद उंबऱ्यावर बसून वाचला, भरला, आणि बापाबरोबर जाऊन साहेबाच्या टेबलावर आपटला. तेव्हापासून, वाचून कळत नाही असा कागद दिसला की हिच्या डोक्यात तिडीक जाते. लग्न होऊन आली तेव्हा आठ दिवसांत सासूने शेजारणीला सांगितलं होतं, "आमच्या हितेशनं सून नाय आणलीन, तलाठी आणलान."

ही सासू म्हणजे भागूबाई. मासळी बाजाराच्या दारात शिरलं की पहिली पाटी तिची, चाळीस वर्षं तीच जागा. पहाटे बंदरावर लिलावाला जायचं, माशाचा कल्ला उचलून आतला रंग बघायचा आणि लालभडक असेल तरच बोली लावायची. "भागूबाईकडचा मासा डोळे मिटून घ्या," असं गिऱ्हाईक एकमेकांना सांगायचं. आणि दैवाची थट्टा बघा, तिचेच डोळे गेले. मधुमेह अकरा वर्षांचा जुना, त्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोरचं माणूस धुक्यातून आल्यासारखं दिसायचं. कल्ला लाल की तपकिरी ते कळेनासं झालं. एके दिवशी बांगड्याची अख्खी क्रेट शिळी गळ्यात पडली आणि वीस वर्षांचं जुनं गिऱ्हाईक मासा परत घेऊन आलं. त्या दिवशी भागूबाई घरी येऊन जेवली नाही.

ऑपरेशन तसं साधं, पण दिवाळीच्या सुमाराला डोळ्यांच्या डॉक्टरांनी परत पाठवलं. मागच्या तीन महिन्यांची साखर सांगणारी एक तपासणी असते, तिचा आकडा आला अकरा. "आठच्या आत आणा, मग बघू. एवढ्या साखरेत जखम चिघळली तर आहे ती नजरही जायची," असं ते म्हणाले. भागूबाईने घरी येऊन पाय धुतले आणि जाहीर केलं, "नारळी पुनवेपर्यंत वाट बघीन. तोवर डोळा नाय झाला तर माझी जागा मनिषाला देऊन टाकीन. आंधळ्या बाईकडून मासा कोण घेणार?"

मनिषा तिच्या शेजारीच बसणारी मासेवाली, चांगली बाई, तिने ती जागा कधी मागितली नव्हती. पण भागूबाई बोलली की बोलली. ती जागा सोडून म्हातारी घरात खाटेवर बसली, तर वर्ष काढणार नाही, हे हितेशलाही कळत होतं आणि रुपालीलाही. रुपालीने तिथल्या तिथे मनाशी ठरवलं, ही जागा जाऊ द्यायची नाही.

आता ठरवलं खरं, पण करायचं काय? दवाखान्यात पेशंटला द्यायचा आहाराचा एक छापील कागद होता. इंग्रजीत. ओट्स, ब्रोकोली, बिनसायीचं दूध, ऑलिव्हचं तेल. मिरकरवाड्यात ब्रोकोली! एका गुरुवारी एक बाई तपासणीला आली, तिने कमरेची पुरचुंडी सोडून मिश्री काढली, ती त्याच कागदात बांधलेली. रुपालीने कागद ओळखला आणि ती तडक डॉक्टरांच्या खोलीत शिरली.

"मॅडम, हा कागद कोणासाठी लिहिलाय?"

"पेशंटसाठी. का गं?"

"पेशंटनं त्यात मिश्री बांधलीन. तेवढाच उपयोग हाय त्याचा."

डॉक्टर हेमा रत्नागिरीतल्याच, चार पिढ्यांचं घर, शांत बाई. दुसरं कोणी असतं तर रुपालीची त्या दिवशी नोकरी गेली असती. डॉक्टरांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि त्यांना हसू आलं. दवाखान्याची एक वेबसाइटही होती, त्यांच्या पुण्याच्या भाच्याने, शौनकने, बनवून दिलेली. तिच्यावर एक गोरीपान बाई काकडीच्या फोडीकडे बघून खदाखदा हसत होती. काकडीत एवढं हसण्यासारखं काय, ते देव जाणे. डॉक्टर म्हणाल्या, "मला मधुमेह कळतो, रुपाली. इथली चूल तुला कळते. वेबसाइटचा पासवर्ड देते, तूच लिही. वर चढवायच्या आधी मला दाखव म्हणजे झालं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण रुपाली मागे हटणारी नव्हती. तिने पहिलं पान लिहिलं नाचणीच्या भाकरीचं. नाचणी म्हणजे काय, तिचे गुण, तिच्यातलं लोह, तिच्यातला चुना, आपली परंपरा, सगळं झकास लिहिलं. मग स्वयंपाकघरात भागूबाईला वाचून दाखवायला बसली. भागूबाई पीठ मळत होती. ऐकलं तिने थोडा वेळ.

"गो, भाकरी कधी येणार?"

"येतेय ना, आई. आधी माहिती."

"माझा हात पिठात हाय आणि तू मला नाचणीचं लग्न लावून दाखवतेस! किती भाकऱ्या खायच्या ते सांग आधी."

रुपालीचं तोंड एवढंसं झालं. पण म्हातारीचं बरोबर होतं. तिने वरचे सगळे गुण-बिण उडवले आणि पहिल्या ओळीत लिहिलं, "एका वेळेला एक भाकरी, तुमच्या पंजाएवढी." त्याखाली सोबत काय घ्यायचं. त्याखाली कृती. संपलं पान. पुढे तिने जेवढी पानं केली ती सगळी याच घडणीची. किती, कशाबरोबर, कसं. बाकी गप्पा मारायच्या असतील तर दवाखान्यात या.

मग माप आलं. सगळ्या पाककृतींत असतं, "एक वाटी." पण कोणाची वाटी? रुपालीने शेजारपाजारच्या आठ घरांतून आठ वाट्या गोळा केल्या आणि पाणी भरून बघितलं, तर सगळ्यात मोठीत सगळ्यात धाकटी अडीच वेळा रिकामी होत होती. मोठी कोणाची होती सांगायला नको, भागूबाईची. मग एक वाटी भात म्हणजे नक्की किती? डोकं खाजवता खाजवता दवाखान्याच्या खालच्या टपरीवरून चहा आला आणि रुपालीने हातातला काचेचा ग्लास निरखून पाहिला. बंदरावर हाच, बाजारात हाच, एसटी स्टँडवर हाच. घराघरात दोनचार तरी असतातच. त्या दिवसापासून तिच्या पानांवर वाटी नाही. तांदूळ, डाळ, कुळथाचं पीठ, सगळं टपरीच्या चहाच्या ग्लासाने. डॉक्टर हेमांनी स्वतः वजनकाटा आणून ग्लासात मावतं ते तोलून घेतलं आणि मान डोलावली.

बंदरावर मोबाईलला रेंज येते-जाते, म्हणून फोटो छोटा आणि एकच. मासळीने ओल्या झालेल्या हातांनी बारीक बटणं दाबायला जमत नाही, म्हणून बटण भलं मोठं, अंगठा मावेल असं. आणि ते बटण दाबलं की रुपालीचा आवाज अख्खं पान वाचून दाखवतो. हे बटण तिने केलं ते निव्वळ भागूबाईसाठी. म्हातारीला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि येत असतं तरी दिसत नव्हतं. ज्या बाईसाठी हा सगळा खटाटोप, तिला पान समजलं नाही तर काय चाटायचंय त्याला?

पानांची नावंही तिने नाश्ता, दुपारचं जेवण अशी ठेवली नाहीत. मासेवाली कुठला नाश्ता करते? नावं होती, "लिलावाला जाताना", "पाटी मांडल्यावर", "घरी आल्यावर." बांगड्याचं तिरफळं घातलेलं कालवण आलं, तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं आलं, शेवग्याच्या पाल्याची भाजी आली, कुळथाचं पिठलं आलं. जानेवारी संपेपर्यंत वीस पानं झाली. बायका एकमेकींना पाठवू लागल्या. आणि सगळ्यात जास्त उघडलं जायचं ते होतं पेजेचं पान. उकड्या तांदळाची पेज, चिमूटभर मीठ, वर जिऱ्याची पूड. खाली रुपालीने लिहिलं होतं, "मधे भूक लागली तर खुशाल पेज प्या. पोटाला हलकी."

फेब्रुवारीच्या शेवटी भागूबाईची पुन्हा तपासणी झाली. म्हातारीने तीन महिने निमूट एकच भाकरी खाल्ली होती. भात ग्लासाने मोजून. गोड तर बंदच. रुपाली रिपोर्ट आणायला गेली ती नाचतच गेली म्हणा ना. पाकीट उघडलं. अकराचा आकडा साडेअकरावर गेला होता.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दुसऱ्यांदा परत पाठवलं. घरी आल्यावर भागूबाई म्हणाली, "तुझ्या त्या मोबाईलनं माझी भाकरी घालवलीन आणि साखर वाढवलीन. बस झालं आता." हितेश मधे पडला, "जाऊ दे गो, तू प्रयत्न केलास." त्या समजुतीच्या शब्दांनी रुपालीला जास्तच झोंबलं. प्रयत्न केलास म्हणजे काय? म्हातारी चोरून खात असेल, अशीही शंका आली तिला. आणि शंका आली की तिला बसवत नाही.

तिने अर्धी रजा टाकली. पहाटे घरीच भागूबाईच्या बोटाला सुई टोचून साखर बघितली, एकशे सत्तर. तिच्या मानाने बरी होती. साडेदहाला ती यंत्र घेऊन बाजारात थडकली आणि सगळ्या बायकांदेखत पुन्हा बोट टोचलं. तीनशे चाळीस!

"आई, काय खाल्लंस?"

"एक भाकरी. तुझ्या पानात सांगितलीस तेवढी. कालवणाबरोबर."

"त्यानंतर?"

"काय नाय."

"पाव? बिस्कीट? कोणी काय दिलं?"

"देवाशपथ नाय! मनिषाला विचार."

मनिषानेही शपथ घेतली. भागूबाईचा आवाज आता चढला होता. भर बाजारात सुनेने चोर ठरवलेलं कोणाला आवडेल? बोलून बोलून घसा सुकला तसा तिने पाटीमागचा स्टीलचा डबा ओढला, पेला भरला आणि घटाघटा प्यायली.

"हे काय?" रुपालीने विचारलं.

"काय म्हणजे? पेज. सकाळी तूच भरून दिलीस ना?"

तिनेच दिली होती. रोज तीच देत होती. दोन लिटरचा डबा, घट्टसर पेज, पार गळ्यापर्यंत भरलेला. भाकऱ्या तीनवरून एकावर आल्यावर म्हातारीला भूक लागायची, आणि पानावर लिहिलंच होतं, खुशाल प्या. अख्ख्या घराला पुरेल एवढा तांदूळ ती सकाळपासून दुपारपर्यंत पीत होती आणि त्यातला एक कण कोणी मोजत नव्हतं. भागूबाईने नाही, कारण जन्मापासून तिच्या लेखी पेज म्हणजे पाण्यातलीच गोष्ट. आणि रुपालीनेही नाही. अंजनवेलला बाप होडीवर जाताना पेजच न्यायचा आणि आल्यावर म्हणायचा, सकाळपासून पोटात अन्न नाही. अशाच चुलीपाशी वाढलेली पोर, तिला तरी वेगळं कसं सुचणार? ती तिथेच उपड्या क्रेटवर बसली. शेजारच्या बायका हसत होत्या, तिला रडू येत होतं.

"आई, चूक माझी हाय," ती म्हणाली. "तू काय चोरून खाल्लं नायस."

"मग मघाशी बोट काय वांगं टोचल्यासारखं टोचलंस?" भागूबाई म्हणाली, पण तिचा राग निम्म्यावर आला होता.

रुपाली तडक दवाखान्यात गेली. डॉक्टर हेमांनी सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, ते पान मी तपासलंय. दोनदा वाचलंय! आमच्या घरी ताप आला की पेज, पोट बिघडलं की पेज. माझ्याही मनात आलं नाही." मग जरा वेळाने म्हणाल्या, "ती ओळ काढून टाक. माप घाल. झालं."

"नाय मॅडम."

"म्हणजे?"

"ज्या बायकांनी पान एकदा वाचलंय त्या पुन्हा कशाला वाचतील? त्या पेज पीतच राहतील. माझ्या सासूची साखर वाढली ती मला कळली तरी. त्यांची कोणाला कळणार?"

"रुपाली, त्या पानावर दवाखान्याचं नाव आहे."

"म्हणून तर!"

रुपालीला वाटलं, आता मात्र नोकरी गेली. डॉक्टरांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा चढवला. "बरं. लिही. पण एकटीचं नाव घालू नकोस. तपासणारी मी होते, माझंही घाल."

अशी माणसं आहेत म्हणून जग चाललंय, दुसरं काय!

पेजेचं पान रुपालीने काढलं नाही. त्याच्या डोक्यावर लाल अक्षरांत लिहिलं आणि मोठं बटण दाबल्यावर तेच तिच्या आवाजात ऐकू येऊ लागलं: "मी रुपाली. या पानावर मी लिहिलं होतं की पेज खुशाल प्या. ते चुकीचं होतं. डॉक्टर हेमांनी तपासलं, त्यांच्याही लक्षात आलं नाही. पेज म्हणजे भातच. ती मोजायची. माझ्यामुळे तुमची साखर वाढली असेल तर मी माफी मागते. दवाखान्यात या, तपासून घ्या." आवाज दोन ठिकाणी अडखळला होता. शौनकने पुण्याहून फोन करून सांगितलं, तेवढं पुन्हा रेकॉर्ड कर. तिने केलं नाही.

मग दवाखान्याच्या वहीतून नंबर काढून ती फोन करत सुटली. चार दिवसांत साठ-पासष्ट बायका. पालीच्या ज्ञानेश्वरी नावाच्या एका बाईने अशी काही खरडपट्टी काढली की रुपालीचे कान तापले. रुपालीने सगळं ऐकून घेतलं. सगळं बोलून झाल्यावर बाई थांबली आणि म्हणाली, "बरं, मग शहाळ्याचं पाणी मोजायचं काय हो? मी दिवसाला दोन पिते."

इथून सुरुवात झाली. चूक कबूल करणाऱ्या बाईपुढे सगळ्यांनाच आपापलं कबूल करावंसं वाटू लागलं. कोणी फणस सोलता सोलता आठ-दहा गरे तोंडात टाकायची. कोणी दर गिऱ्हाइकामागे अर्धा चहा घ्यायची, अर्धाच म्हणून न मोजता. कोणी म्हणाली, देवाचा प्रसाद बाधत नाही. रुपालीने सगळं उतरून घेतलं आणि नवं पान केलं, "तोंडात गेलं ते मोजा." आज तेच पान सगळ्यात जास्त वाचलं जातं.

राहिली भागूबाई. तिच्याकडून पेज सोडवायची म्हणजे पाण्यातून मासळी हातांनी पकडायची. जन्मभर घासाघीस केलेली बाई, ती सौद्याला बसली.

"चार ग्लास," भागूबाई म्हणाली.

"एक."

"तीन. आणि पातळ."

"एक, आई. आणि त्या एका ग्लासामागे अर्धी भाकरी कमी."

"अगो, गिऱ्हाईक तरी इतकं पाडून मागत नाय! दोन."

"एक. वर सोलकढी पाहिजे तेवढी, साखर न घालता, नारळाचं दूध बेताचं."

भागूबाईने हात झटकले. "चल, उचल. माझा तोटा झाला समज."

डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलून दिली, कारण पेज तुटल्यावर साखर एकदम खाली जायची भीती. लिलावाला जायच्या आधी पोटात काहीतरी हवंच. म्हणून पहाटे अर्धी नाचणीची भाकरी आणि कालवण. चक्कर आलीच तर म्हणून कनवटीला खडीसाखर. आणि दर चार दिवसांनी रुपाली बाजारात जाऊन बोट टोचायची. हळूहळू मनिषाही बोट पुढे करू लागली, मग पलीकडची, मग तिच्या पलीकडची. एप्रिलात आंबे आले. शेजारच्या बागवाल्याने दोन डझन पाठवले, तर भागूबाईने वास घेतला, एक फोड खाल्ली आणि बाकीचे वाटून टाकले. एवढा हट्ट आजवर तिने लोकांशी केला होता, आता तो आंब्याशी केला. जूनमध्ये मासेमारीची बंदी लागली आणि सुकी मासळी आली, तेव्हा ती धुऊन खारटपणा कमी कसा करायचा याचं पान भागूबाईने सांगितलं आणि रुपालीने लिहिलं. त्यावर भागूबाईचा आवाज आहे. मधे एक शिवीही आहे, ती मांजराला आहे, रुपालीने ती काढली नाही.

जूनच्या अखेरीस तिसरी तपासणी झाली. या खेपेला रिपोर्ट आणायला रुपाली गेली ती पाय ओढत गेली. पाकीट तिने प्रयोगशाळेच्या पायरीवर उघडलं. सात पूर्णांक सहा. तिने ते तीनदा वाचलं, मग आत जाऊन नाव बरोबर आहे ना ते विचारून आली. घरी येऊन नुसता आकडा सांगितला तेव्हा हितेश आनंदाने ओरडलाच. भागूबाईने एवढंच विचारलं, "म्हणजे पास?"

"पास, आई."

"बरं," भागूबाई म्हणाली आणि देवापुढे जाऊन बराच वेळ उभी राहिली.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायला रुपालीच घेऊन गेली. डॉक्टरांनी पट्टी सोडवली, डोळा पुसला, औषधाचे थेंब घातले आणि समोर बोटं धरली. "आजी, किती?"

भागूबाईने बोटांकडे बघितलंच नाही. ती रुपालीकडे बघत होती. बघतच होती.

"गो, तुझे केस कधी पिकले?"

रुपालीचा हात आपोआप कानाजवळच्या बटांकडे गेला. "झाली की दीडदोन वर्षं."

"मला दिसलंच नाय," भागूबाई म्हणाली. मग एकदम डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "तीन बोटं हायत. आणि नखं कापा तुमची." डॉक्टर हसायला लागले. रुपाली हसतही होती आणि तोंडावर पदरही धरत होती.

काळा चष्मा लावून भागूबाई बाहेर आली. बाहेरच्या बाकावर तिच्याच वयाची एक बाई रडत बसली होती. साखर जास्त म्हणून तिला परत पाठवलं होतं. रुपाली भागूबाईचा दंड धरून पुढे चालली होती, पण म्हातारी थांबली आणि धपकन त्या बाईशेजारी बसली.

"रडतेस काय? रडून डोळा बरा होतो होय? मोबाईल हाय ना? काढ."

बाईने पिशवीतून मोबाईल काढला. "मला वाचता येत नाय हो."

"मला तरी कुठं येतं? मोठं बटण हाय, ते दाबायचं, ही बोलते." भागूबाईने रुपालीला मनगट धरून पुढे ओढलं. "ही माझी सून. हिचं ऐक. साखर उतरली की येऊन डोळा करून घे, आणि पुनवेनंतर बाजारात मासे घ्यायला ये. दारातच बसते मी, पहिली पाटी."

बाईने रुपालीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "ह्या सांगतात ते बरोबर असतं ना पण?"

"नेहमी नसतं," भागूबाई म्हणाली. "पण चुकली तर चुकले म्हणून गावभर सांगते. चाळीस वर्षं बाजारात बसले मी, असं माणूस दुसरं बघितलं नाय."

सासरी आल्याला चौदा वर्षं झाली होती, एवढ्या वर्षांत भागूबाईच्या तोंडून रुपालीने असं काही ऐकलं नव्हतं. तिने त्या बाईच्या हातातून मोबाईल घेतला. डोळे भरल्यामुळे अक्षरं नीट दिसेनात, तरी पान उघडलं, बाईचा अंगठा धरून बटणावर ठेवला आणि म्हणाली, "दाबा."